अठरा मिनिटांची टेप

मंदाताई, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि परवा दुपारी सव्वाबारा वाजता तुम्ही आमच्या पूजाला झोपवलंत.

चादरींच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी सहा नंबरच्या पेशंटसाठी धुतलेली चादर आणायला गेले, तर पूजा सतरंजीवर उताणी, डोळे मिटलेले, मोबाईल उशाशी, आणि त्यातून तुम्ही बोलत होतात. "पोटऱ्या आवळा. आनखी. दुखंल इतक्या न्हाई. आता सोडा. सोडल्या का? सोडा म्हणते ना." पूजाच्या पोटऱ्या सैल पडल्या. दारात उभ्या उभ्या माझ्याही पडल्या. ज्या बाईच्या तोंडात मी स्वतः तुळशीचं पान ठेवलं होतं, तिच्या सांगण्यावरून माझे पाय ऐकत होते. मी चादर न घेताच परत आले.

पूजा म्हणजे तुमच्या जागी घेतलेली मुलगी. बघा, तुम्ही गेल्यावर आठवड्याच्या आत माणूस मिळालं. तिनं तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. कुणीतरी तिच्या मोबाईलवर टेप पाठवली आणि आता ती रोज दुपारी तुमच्या हुकमात असते. "मॅडम, कोण आहेत हो या? कित्ती माया आहे आवाजात," असं मला विचारते. मी काय सांगू तिला?

तुम्ही म्हणायचात, "वर्षे, तू लई तोंडाळ हाईस." आहेच मी. अठरा वर्षं आयसीयूत काढली, डॉक्टरांना तोंडावर बोलले, नातेवाइकांना गप्प केलं. पण एक गोष्ट या तोंडातून अजून बाहेर निघत नाही. ती तुमच्या लेकीला, अश्विनीला सांगायची आहे. तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावी म्हणून लिहायला बसले.

टेप तर आम्ही उगाच म्हणायचो. साधं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग. मागच्या दिवाळीआधी तुम्ही पुण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेला होतात. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांनी कामाचा ताण आपला आपण कसा हलका करावा, असा काहीतरी विषय. येताना एक कागद घेऊन आलात आणि सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलात. "आपले लक्ष हळूहळू पादांगुलींवर केंद्रित करा." आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. तुम्हालाही हसू आवरेना. मग दिवाळीच्या सुट्टीत उत्रोलीला, घरच्या माळ्यावर बसून तुम्ही तोच कागद आपल्या भाषेत बोललात. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत. एकेक अवयव आवळायचा आणि सोडायचा. चौथ्या मिनिटाला त्यात कोंबडी ओरडते. पोरी म्हणायच्या, कोंबडीपर्यंत पोचलं की निम्मा शीण जातो.

आणि जायचा, ताई. हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आज करते.

तुमच्या आणखीही युक्त्या होत्या. पेशंटपासून पेशंटकडे जाताना हात धुवायचे, ते तर धुवावेच लागतात. तुम्ही म्हणालात, नुसते धुवू नका. तळव्याला एक श्वास, पालथ्या हाताला एक, बोटांच्या बेचक्यांना एक, अंगठ्याला एक. मागचा पेशंट पाण्याबरोबर जाऊ द्या, मग पुढच्याला हात लावा. नळाशी उभ्या राहून ओठ हलवणाऱ्या दोन-दोन नर्सेस बघून एका नातेवाइकानं विचारलं होतं, "मंत्र म्हणताय का सिस्टर?"

आणि चौकट. ड्युटी संपवून निघताना दाराच्या चौकटीला हात टेकायचा आणि त्या दिवशीच्या पेशंटची नावं मनात घेऊन तिथंच ठेवायची. "घरी न्यायची न्हाईत. घरी लेकरं हाईत, तवा हाय, भाकरी हाय. ही हितं ऱ्हातील, उद्या हितनंच उचला." आठ खाटा, आठ नावं. जी माणसं गेली त्यांचीही नावं आम्ही तिथंच ठेवायचो. ती मात्र दुसऱ्या दिवशी कुणी उचलायचं नाही. याचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात पूजानं पहिल्यांदा चौकटीला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "मॅडम, इथं जागाच नाहीये," म्हणाली. मी रागावले तिच्यावर. म्हटलं, लाकूड आहे ते, पिशवी आहे का भरायला? पण त्या दिवसापासून मी खांदा चोरून बाहेर पडते. चौकटीला लागत नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, मी भुताखेताला मानणारी नाही. आयसीयूत काम करणाऱ्या बाईनं मानायला लागलं तर तिला ड्युटी करता येणार नाही. पण तुमच्यानंतर चौथ्या दिवशी वेल्ह्याकडच्या डोंगरातली एक आजी आली. न्यूमोनिया. तीन नंबरला ठेवली. दोन दिवस ऑक्सिजनवर होती, तिसऱ्या दिवशी दुपारी मास्क बाजूला करून मला म्हणाली, "ती बाई कुटं गेली गं?"

"कोण बाई, आजी?"

"जाड आवाजाची. पायाची बोटं सोड म्हनती. गुडघं सोड म्हनती. लई ग्वाड बोलती."

मी सलाईनची नळी खाली ठेवली. मी विचारलं, "कधी येते?"

"दुपारची येती. हितं पायापाशी हुबी ऱ्हाती. पर कमरंपातूर येती अन् जाती. वर काय येत न्हाई. तिला म्हनावं, वर बी ये. हितं दुकतंय माजं." आणि तिनं छातीवर हात ठेवला.

तीन नंबरच्या भिंतीमागेच चादरींची खोली आहे. भिंत पातळ आहे. पोरी दुपारच्या सुट्टीत टेप लावतात. हे सगळं मला कळतं, ताई, मी काही खुळी नाही. सुट्टी दहा मिनिटांची आणि टेप अठरा मिनिटांची, म्हणून तुम्ही रोज कमरेपर्यंत येता आणि दार वाजलं की बंद पडता. हेही कळतं. आजीला आवाज ऐकू आला असणार. पायाशी उभी राहणारी बाई तिला कुठून दिसली, ते मी कुणाला विचारलं नाही. आजी बरी होऊन घरी गेली. जाताना रिकाम्या पायथ्याकडे बघून तिनं हात जोडले.

आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं.

तुम्हाला आठवत असेल, म्हणजे आता आठवतं की नाही कोण जाणे, मी म्हटलं होतं, "ताई, गळक्या छपराखाली बसवून तुम्ही आम्हाला मन कोरडं ठेवायला शिकवताय." आठ पेशंट, त्यातले तीन व्हेंटिलेटरवर, आणि सकाळच्या ड्युटीला तुम्ही आणि मी. दोघी. श्वास मोजून काय होणार होतं? तुम्ही म्हणालात, "छप्पर माज्या हातात न्हाई. मन हाय."

"मग छप्पर ज्यांच्या हातात आहे त्यांना जाऊन विचारा."

"इचारलं की. तीनदा अर्ज दिला. बघू म्हणतात. त्यांचं बघून हुईस्तवर पोरींनी काय करायचं? रडायचं का?"

त्यावर मी थांबायला हवं होतं. मी कसली थांबते! मी म्हटलं, "तुमच्या टेपमुळेच माणसं मिळत नाहीत. आम्ही दहा मिनिटं जमिनीवर पडतो आणि पुन्हा बैलासारख्या जुंपून घेतो. वरच्यांना वाटतं, चाललंय की बरं." तुमचा चेहरा उतरला. दोन दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. तिसऱ्या दिवशी डब्यातला आंबेमोहोराचा भात माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, "खा. तोंड चालू ऱ्हाऊ दे तुजं, पर पोट रिकामं नगं." विषय तिथंच राहिला. तुम्ही माझं म्हणणं मान्य केलंत की मला माफ केलंत, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी तो दिवस आला.

बारा वाजत आले होते. आठही खाटा भरलेल्या. मी दोन नंबरचं सक्शन करत होते, नळीनं कफ ओढत, दोन्ही हात गुंतलेले. तुम्ही माझ्या मागे येऊन उभ्या राहिलात. तुमचं मागे उभं राहणं मला न बघता कळायचं, तुमच्या अंगाला कापराचा वास असायचा. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "वर्षे, छाती जरा जड वाटतीया गं."

मी मान वळवली नाही, ताई. मी हसले. तुमच्यावर अजून थोडा राग होता की नुसतीच सवय होती, देव जाणे. मी म्हटलं, "मग लावा की तुमची टेप."

तुम्हीही हसलात. "व्हय गं बाई," म्हणालात आणि पाच नंबरकडे गेलात.

बस, एवढंच. ईसीजीचं मशीन तुमच्या-माझ्यापासून दहा पावलांवर होतं. रस्त्यावरून कुणी परका माणूस येऊन हेच बोलला असता तर मी त्याला खुर्चीतसुद्धा बसू दिलं नसतं, सरळ आडवा केला असता. बाईचं हृदयाचं दुखणं पुरुषासारखं छाती धरून येत नाही, जडपणा येतो, थकवा येतो, हे मी शिकाऊ मुलींना पाठ करून घेते. तुमच्याच पुढ्यात उभी राहून घेते. आणि माझी इन्चार्ज, माझ्या पाठीशी, मला हेच सांगत होती आणि मी तिला टेप लावायला सांगितली.

दुपारच्या ड्युटीवाले उशिरा आले. तुम्ही अडीचपर्यंत हँडओव्हर दिलात, आठही पेशंटचा, एकही औषध न विसरता. मग म्हणालात, "सव्वातीनची यष्टी हाय. तवर जरा पडते." मी पेपर भरत होते. मान हलवली.

तीन वाजता मी तुम्हाला उठवायला आले. तुम्ही सतरंजीवर होतात. मोबाईल उशाशी, स्पीकरवर. कानात तारा घालणं तुम्हाला कधी चालायचं नाही, मॉनिटरचा आवाज ऐकू यायला हवा म्हणायचात. टेप एकदा संपून पुन्हा सुरू झाली होती. तुम्ही म्हणत होतात, "मांड्या सैल. कंबर सैल. आता काय करायचं न्हाई. कुनी हाक मारली तरी उटायचं न्हाई." आणि मी हाका मारत होते.

मी छाती दाबायला घेतली. तीस दाब, दोन श्वास. तीस, दोन. डॉक्टर धावत आले, दुपारच्या ड्युटीचे ब्रदर आले, शॉकचं मशीन आणलं. त्या एवढ्याशा खोलीत सगळे ओरडत होते आणि खालून, जमिनीवरून, तुमचा आवाज शांतपणे सांगत होता, सोडा, सोडून द्या, जड हाय ते सगळं खाली जाऊ द्या. मोबाईल बंद करायला कुणाचाही हात मोकळा नव्हता. तुम्ही आमचं ऐकावं म्हणून मी जीव तोडून दाबत होते आणि तुम्ही स्वतःचंच ऐकत होतात. चाळीस मिनिटांनी डॉक्टरांनी माझा हात धरून थांबवलं. माझ्या तळव्यांना अजून तो जोर जाणवतो. नळाखाली कितीही श्वास घेतले तरी धुऊन जात नाही.

डॉक्टर म्हणाले, अचानक झालं. सगळे म्हणाले, अचानक झालं. मीही मान हलवली.

दहाव्याला नदीकाठी आले होते मी. तुमच्या घरची सगळी माणसं होती. भाऊजी एका दगडावर बसले होते, कुणी काय विचारलं तरी हो म्हणत होते. अश्विनी पुण्याहून आल्यापासून रडलीच नाही असं बायका कुजबुजत होत्या. पिंड ठेवला. बाभळीवर पाच-सहा कावळे होते. एकही खाली येईना. अर्धा तास झाला, पाऊण झाला. तुमचे दीर हात जोडून म्हणाले, "वयनी, अश्वीचं लगीन थाटात करू. काळजी करू नगंस." कावळे हलले नाहीत. "भावाला एकटं टाकनार न्हाई." नाही. "भाताचं खाचर इकनार न्हाई." नाही.

मग कुणीतरी म्हातारी म्हणाली, "तिचा निम्मा जीव तर हास्पिटलात. तिथली कुनी हाय का?" आणि सगळ्यांनी मिळून मला पुढे ढकललं.

मी पिंडासमोर उभी राहिले. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. माझ्या मागे, दहा पावलांवर, अश्विनी उभी होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या पोरींना मी सांभाळीन. टेप बंद पडू देणार नाही." बाभळीवरचे कावळे एकदम उडाले आणि नदीपलीकडच्या झाडावर जाऊन बसले. मागून कुणीतरी चुकचुकलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक आंघोळीला पांगले. लोक म्हणाले, बाईचा जीव कशात अडकलाय कळेना. मी साडीचा पदर डोक्यावर घेऊन भोरची गाडी पकडली. खोटं कशाला बोलू, पळून आले.

घरी आल्यावर दोन दिवस मी टेपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी फरशीवर चटई टाकली, मोबाईल उशाशी ठेवला आणि ठरवलं, आज शेवटपर्यंत ऐकायची. आजवर आमच्यापैकी कुणीच ती शेवटपर्यंत ऐकली नव्हती, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी खोलीत ती पूर्ण वाजली, पण त्या गलक्यात ऐकत कोण होतं? दहा मिनिटांत दार वाजायचंच.

बोटं झाली. कोंबडी ओरडली. पोटऱ्या, गुडघे, मांड्या. कंबर. पोट. दहा मिनिटं झाली आणि दार वाजलं नाही. तुम्ही पुढे निघालात.

"आता छाती," म्हणालात.

आणि थांबलात. मला वाटलं, रेकॉर्डिंग बंद पडलं. मी मोबाईल पाहिला, आकडे पुढे सरकत होते. तुमच्या लुगड्याची सळसळ ऐकू आली, माळ्याची फळी करकरली. मग एक श्वास, अर्ध्यात अडकलेला, आणि अगदी बारीक, कुणाला ऐकवायचं नसतं तसं, "आई गं." मग घसा खाकरून तुम्ही म्हणालात, "छाती ऱ्हाऊ द्या. आवळू नका. तिचं ती बघंल. खांदे घ्या."

मी ताडकन उठून बसले. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली भाजीवाली ओरडत होती आणि माझ्या दंडावर काटा उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी ड्युटीला गेल्यावर तुमच्या ड्रॉवरमधून पुण्याचा तो कागद काढला. त्यात छाती आहे, ताई. खोल श्वास घेऊन भरा, धरून ठेवा, सावकाश सोडा, अशा चार ओळी आहेत. तुम्ही त्या वगळल्यात, कारण तुम्हाला त्या करता येईनात. मागच्या दिवाळीत. म्हणजे वर्षभर तुम्हाला ठाऊक होतं आणि वर्षभर ते आमच्या प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये, अकराव्या मिनिटाला पडून होतं. कुणाला तिथवर जायला वेळ नव्हता.

मला तुमचा भयंकर राग आला. भोर ते किकवी, हॉस्पिटलला येता-जाता, यष्टीत रोज दोन तपासणाऱ्या बायका शेजारी बसायच्या आणि एकीनंही दुसरीची नाडी धरली नाही! का नाही सांगितलंत? तपासायला गेलात तर रजा पडणार, रजा पडली तर वर्षा एकटी आठ पेशंट कशी ओढणार, हेच ना? म्हणजे आपल्या भांडणात मीच खरी ठरले. छप्परच गळत होतं. तुमच्यावर जिंकायची इतकी हौस होती मला, आणि आता जिंकून मी काय करू?

इथवर काल रात्री लिहिलं. आज सकाळी उत्रोलीला गेले. खळ्यावर भाताची झोडणी चालली होती, भाऊजी तिकडेच होते. अश्विनी मागच्या ओट्यावर बसून तुमचे पांढरे बूट घासत होती. कुणी घालणार नाही ते, तरी घासत होती. मला बघून म्हणाली, "मावशी, या. चहा टाकू?"

मी म्हटलं, "नको. आधी ऐक. मग चहा दे, नाहीतर हाकलून दे."

आणि सांगितलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुम्ही माझ्या मागे येऊन काय म्हणालात, मी काय म्हणाले, मान वळवली नाही, हसले. ईसीजीचं मशीन किती पावलांवर होतं तेही सांगितलं. ती बुटांवर ब्रश फिरवत राहिली. मला वाटलं, आता बूट फेकून मारेल. मारावाच, असंही वाटलं.

ब्रश थांबला. ती म्हणाली, "किती वाजता?"

"बाराच्या सुमाराला."

"मला एक वाजता फोन केला होता तिनं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ऑफिसात मीटिंग सुरू होणार होती. आई म्हणाली, अश्वे, छाती जड वाटतीया. मी म्हणाले, तुझीच टेप लाव ना आई, मी संध्याकाळी करते फोन." मग तिनं वर पाहिलं. "हे मी पप्पांना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. दहाव्याला तुम्ही पुढे गेलात ना, तेव्हा मला वाटलं, यांना कळलंय. आता या सांगणार सगळ्यांसमोर."

मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले. तुम्ही एकदा मला सांगितलंत, मग तासाभरानं लेकीला सांगितलंत, आणि दोघींनीही तुम्हाला तुमच्याच हवाली केलं. आम्ही दोघी रडलो, ताई. ती पहिल्यांदा रडली. खळ्यावरनं भाऊजींनी "काय झालं गं?" म्हणून हाक मारली, तिनं "काही नाही" म्हणून सांगितलं.

बऱ्याच वेळानं नाक पुसत ती म्हणाली, "मावशी, त्या दिवसापासून माझ्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. रोज दुपारी. ताणच असेल ना हो? आईची टेप ऐकू का मी?"

दुपारचे सव्वाबारा झाले होते. आणि शपथेवर सांगते, माझ्या तोंडात तुमचा आवाज तयार होता. श्वास घे, सोड, काही नाही होत, सोडून दे. अठ्ठावीस वर्षांची पोर, दुःखानं होतं असं, मला कळतं. तुमचे शब्द ओठांपर्यंत आले होते आणि मी ते गिळले. पहिल्यांदा तुमचं ऐकलं नाही.

म्हटलं, "ऊठ. चपला घाल."

तिला भोरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. ईसीजी चांगला आला, ताई. तरी मी दुसऱ्यांदा काढायला लावला.